स्टिरिओ मायक्रोस्कोप, 8 महिने रोज वापरल्यानंतर (ऑटिस्टिक माणसाच्या नजरेतून)

5 पैकी 4 स्टार. एक स्टार कापलाय तो लाईटसाठी, त्याचं पुढे सविस्तर लिहिते. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्याची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला सांगायचंय ते काय बघून घ्यावं आणि कुणासाठी घ्यावं याबद्दल.

मी ऑटिस्टिक आहे, निदान तिशी ओलांडल्यावर झालं. माझा स्पेशल इंटरेस्ट म्हणजे मॉस (भिंतीवर, झाडाच्या सालीवर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) आणि मॉसमध्ये राहणारे टार्डिग्रेड, म्हणजे आठ पायांचे अगदी बारीक जीव, ज्यांना पाणअस्वल पण म्हणतात. आपल्याकडे मॉसलाही शेवाळ म्हणतात आणि तळ्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळच म्हणतात, ते मला फार खटकतं कारण दोन्ही पूर्ण वेगळी आहेत, म्हणून इथे मॉसच लिहिणार. तर हे वेड मला नऊ-दहा वर्षांची असल्यापासून आहे. सकाळी जाग आली की पहिला विचार त्याचाच येतो, आणि दिवस वाईट गेला असेल, लोकांशी बोलून डोकं पार थकलं असेल, तर परत माणसात यायला मला तेच लागतं. माझ्या निदानाच्या कागदावर याला 'मर्यादित आवडी' असं लिहिलंय, 2013 च्या डीएसएम-5 मध्येही (निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन ग्रंथात) साधारण तशीच भाषा आहे. कागद हातात आला त्या दिवशी मी तो शब्द कितीतरी वेळा वाचला. टार्डिग्रेडच्या हजाराहून जास्त जाती नोंदवल्या गेल्यात, मी आत्तापर्यंत खात्रीने दोन ओळखू शकते, यात मर्यादा कुठे आहे ते मला खरंच कळलं नाही.

आणि ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' शब्द. त्याचा अर्थ स्वतःत मग्न. मी स्वतःत मग्न नसतेच, मी मॉसमध्ये मग्न असते, त्या वेळी मला स्वतःची आठवणसुद्धा नसते. असो, मूळ मुद्द्यावर येते.

इतकी वर्षं माझ्याकडे काय होतं तर एक खेळण्यातला मायक्रोस्कोप. लहानपणी भेट मिळालेला, प्लास्टिकच्या लेन्सचा, डब्यावर मोठ्ठा आकडा छापलेला, 1200 पट की काय ते. त्यातून एक धूसर, कडेला रंगीत झालर असलेला गोल दिसायचा, बास. मी लहान होते, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, मी तासन्‌तास तो नॉब फिरवायचे आणि शेवटी रडायचे, आणि घरच्यांना वाटायचं की हिला या गोष्टीचा त्रास होतो तर हे बंदच करूया. त्रास त्या आवडीचा नव्हता हो, लेन्सचा होता. ऑटिस्टिक मुलाच्या आईबाबांनी हे वाचलं तर एवढं एक लक्षात ठेवा: मुलाला ज्या गोष्टीचं वेड आहे त्यातलं खरं हत्यार द्या, खेळणं नको. दोन खेळणी कमी घ्या, थांबून घ्या, सेकंडहँड घ्या, पण खरं घ्या. खोटा आकडा छापलेली वस्तू आमच्या मनाला फार लागते, कारण आम्ही तो आकडा खरा धरून चालतो.

आता यंत्र. स्टिरिओ मायक्रोस्कोप म्हणजे दोन्ही डोळ्यांना दोन वेगळे प्रकाशमार्ग असतात, त्यामुळे खोली दिसते, वस्तू सपाट दिसत नाही. माझं मॉडेल 7 ते 45 पट मोठं दाखवतं, मध्ये कुठेही थांबता येतं. लोक म्हणतात 45 फार कमी, कॉलेजमधला तर 400 आणि 1000 दाखवतो. बरोबर आहे, पण तो कंपाउंड मायक्रोस्कोप, त्याला पातळ काप, स्लाईड, कव्हर स्लिप सगळं लागतं, आणि त्यातलं चित्र उलटं असतं, स्लाईड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. माझ्या डोक्याला ते फार जड जातं, हात आणि डोळे यांचं आपसात जमेपर्यंत मी थकून गेलेली असते. स्टिरिओत सगळं सुलट दिसतं. शिवाय लेन्स आणि वस्तू यांच्यात जवळपास 10 सेंटिमीटर जागा राहते, म्हणजे आख्खा मॉसचा गड्डा खाली ठेवून, बघता बघता चिमट्याने उलगडता येतो. पानापानावर पाण्याचा थेंब असतो आणि त्या थेंबात तुम्ही वाकून बघता, ते कसं वाटतं ते मला नीट सांगताच येत नाही. खिडकीतून दुसऱ्याच्या घरात बघितल्यासारखं काहीसं, पण त्या घरातल्यांना काही त्रास न देता.

पद्धत सांगते, कारण याचं मॅन्युअल अगदीच टाकाऊ आहे. वाळलेला मॉसचा तुकडा, भिंतीवरचा किंवा झाडाच्या सालीवरचा, पेट्री डिशमध्ये (उथळ पारदर्शक बशीत) पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून पावसाचं पाणी बरं. सकाळी तो तुकडा त्याच डिशमध्ये हलकेच पिळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि 20 पटीवर, खाली काळा कागद ठेवून, बाजूने तिरका प्रकाश टाकून शोधायला सुरुवात करायची. टार्डिग्रेड साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो, काचेसारखा पारदर्शक, म्हणून काळ्यावर दिसतो. आधी बहुतेक रोटिफर दिसतील, जळवेसारखे आखडत-लांबत चालणारे, आणि बारीक सुतासारखे जंत, ते वळवळतात. टार्डिग्रेड वळवळत नाही. तो चालतो. आठ पाय, पायांना नख्या, मागचे दोन पाय उलट्या दिशेने, आणि चाल अशी की कुणीतरी झोपेतून उठून चष्मा शोधतंय. मला पहिला सापडला अकराव्या दिवशी, पाचव्या मॉसमध्ये. मी हात फडफडवले, खुर्चीवरून उठून खोलीत तीन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बघितलं तर तो तिथेच होता.

1773 साली गोएझ नावाच्या जर्मन पाद्र्याने याचं वर्णन केलं आणि त्याला छोटं पाणअस्वल म्हटलं. त्याच्याही आधी, 1702 मध्ये, लेव्हेनहुकने छपराच्या पन्हळीतली वाळलेली धूळ पाण्यात टाकली आणि त्यातले रोटिफर परत हलायला लागलेले बघितले. हा लेव्हेनहुक डेल्फ्ट गावातला कापडाचा व्यापारी, विद्यापीठात गेलेला नाही, स्वतःच्या लेन्स स्वतः घासायचा, शेकडो लेन्स केल्या त्याने. तो कोण होता, कसा होता यावर मी कुठलंही लेबल लावणार नाही, पण रात्री 2 वाजता डिशवर वाकलेली असताना मला तो ओळखीचा वाटतो.

टार्डिग्रेड सुकला की अंग आखडून गोळा होतो, त्याला टन (tun, वजनातला नव्हे) म्हणतात, आणि तसा वर्षानुवर्षं राहू शकतो. अंटार्क्टिकातून 1983 साली आणलेलं मॉस गोठवून ठेवलं होतं, 30 वर्षांनी ते वितळवलं तर त्यातले दोन टार्डिग्रेड हलायला लागले आणि नंतर त्यातल्या एकाने अंडीही घातली. मी हे लोकांना खूपदा सांगते. याला इन्फोडंप म्हणतात, म्हणजे आवडीच्या विषयावर भडाभडा सगळं ओतणं, आणि आमच्यात ती प्रेमाची गोष्ट असते, मी तुम्हाला हे सांगतेय म्हणजे तुम्ही मला जवळचे वाटता.

आता तक्रारी. लाईट! खालचा आणि वरचा दोन्ही एलईडी मंद केले की लुकलुकतात. बऱ्याच जणांना दिसणार नाही, मला दिसतं, आणि 10 मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. याचं कारण असं की स्वस्त डिमर लाईट खरा मंद करत नाही, भराभर चालू-बंद करतो. घेताना तपासायचं असेल तर लाईट अर्ध्यावर आणून मोबाईलचा कॅमेरा जवळ धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर समजा. मी आता आतला लाईट वापरतच नाही, बॅटरीवरचा, डिमर नसलेला साधा एलईडी टॉर्च स्टँडला बांधलाय, जास्त झाला तर त्यावर ट्रेसिंग पेपर लावते. शांत, गुणगुण नाही, लुकलुक नाही.

दुसरं, पहिल्या महिन्यात फोकस आपोआप खाली घसरायचा. विकणाऱ्याला तीन मेल लिहिले, तिन्हींना उत्तर एकच, फोन करा. माझ्यासाठी अनोळखी माणसाला फोन करणं म्हणजे आख्खा दिवस खर्च. नीट मुद्दे लिहून, फोटो जोडून पाठवलेल्या मेलला लेखी उत्तर देणं इतकं अवघड का असावं? शेवटी मीच शोधून काढलं: दोन्ही बाजूंचे नॉब हातात धरून एकमेकांच्या विरुद्ध दिशेने पिळले की पकड घट्ट होते. एका ओळीचं उत्तर होतं. (घट्ट केल्यावर त्या नॉबचा स्पर्श इतका छान झालाय, जड आणि गुळगुळीत, की नुसता फिरवायलाही बरं वाटतं.) पॅकिंगच्या फोमला वास होता, दोन आठवडे खोका दुसऱ्या खोलीत ठेवा.

तिसरी गोष्ट यंत्राची चूक नाही पण लिहायलाच हवी. यावर बसलं की मला तहान, भूक, बाथरूम काही कळत नाही. ऑटिस्टिक संशोधकांनीच मांडलेली एक कल्पना आहे, मोनोट्रॉपिझम, डायना मरे आणि तिच्या सहकाऱ्यांचा 2005 चा पेपर आहे त्यावर: लक्षाचा सगळा प्रवाह एकाच वाटेने जोरात वाहतो आणि बाकीच्या वाटा कोरड्या पडतात. अगदी असंच होतं. 2018 मध्ये ऑटिस्टिक प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की स्पेशल इंटरेस्टचा संबंध जास्त समाधानाशी आहे, पण त्यात गुंतणं अतिशयच तीव्र झालं तर तो संबंध उलटा होतो. मला दोन्ही पटतं, मी दोन्ही जगलेय. म्हणून मनगटावर थरथरणारा अलार्म, दर 40 मिनिटांनी, आणि पाण्याची बाटली डिशच्या शेजारीच. आवाजाचा अलार्म नको, त्याने माणूस त्या वाटेवरून ओढून काढल्यासारखा होतो आणि मग उरलेला दिवस चिडचिड. आणि कृपा करून कुणी हे यंत्र बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नका, 'आधी नीट वाग मग मायक्रोस्कोप' असं. ज्याच्या आधाराने मूल उभं आहे तीच गोष्ट काढून घेतली तर ते नीट उभं कसं राहील.

बसायच्या उंचीकडे लक्ष द्या, आयपीस (डोळे लावायच्या वरच्या लेन्स) 45 अंशात आहेत, खुर्ची बुटकी असेल तर मान जाते. चष्मेवाल्यांसाठी आयपीसचं रबर दुमडता येतं.

हे चष्म्याचं मला कळलं आईमुळे. आई इतकी वर्षं 'पुरे आता, डोळे जातील' एवढंच म्हणायची, तिची काळजी खरी होती पण ती कधी बघायला आली नव्हती. मागच्या महिन्यात मी हाक मारली, "आई, ये ना, एकदाच बघ," आणि ती आली. आधी तिला काहीच दिसेना, दोन काळे गोल, ती म्हणाली, "अगं मला नाही जमायचं." मी रबर दुमडलं, दोन्ही नळ्या थोड्या जवळ आणल्या, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांमधलं अंतर वेगळं असतं आणि ते जुळल्याशिवाय दोन गोलांचा एक होत नाही. मग ती एकदम गप्प झाली. बराच वेळ. मग हळू आवाजात मोजायला लागली, एक, दोन, तीन, आणि आठवर आल्यावर म्हणाली, "अगं, हा चालतोय."

ती काय बघतेय ते मला त्या वेळी दिसत नव्हतं, एवढीच खंत, म्हणून घेणार असाल तर कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेलं मॉडेल घ्या, मी ते तेव्हा घेतलं नाही.

नळ्यांच्या मध्ये मिलिमीटरची बारीक पट्टी आहे, तिचा उपयोग करा. माझं अंतर 61, आईचं 57. दोन्ही आकडे कागदावर लिहून स्टँडला चिकटवलेत.