इंटरडेंटल ब्रश: हिरड्यांच्या आजारात अर्धं वर्ष वापरल्यानंतरचा अनुभव

दातांच्या फटीत घालायचे ते बारीक तारेचे छोटे ब्रश, ते रोज रात्री वापरतेय त्याला अर्धं वर्ष होऊन गेलं. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता, कारण जिथे घालावा तिथून रक्त. आता पाचातले साडेचार देते, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आधी हे कशासाठी घेतलं ते. हिरड्या सुजलेल्या, दाताच्या कडेला लालभडक, दात घासले की थुंकी गुलाबी, तोंडाला वास, आणि दुखत मात्र काहीच नाही. या आजाराची खरी गोची हीच आहे, दुखत नाही म्हणून माणूस जात नाही. रंगावरून अंदाज बांधायचा तर जपून, कारण बऱ्याच जणांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, त्यापेक्षा सूज आणि रक्त बघा. आणि सिगारेट ओढणाऱ्यांचं तर रक्तही कमी येतं, म्हणजे वरून सगळं बरं दिसतं आणि आत हाड झिजत असतं.

डेंटिस्टने खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून सगळ्या दातांभोवती खोली मोजली. १ ते ३ मिमी म्हणजे ठीक, ४ किंवा त्याच्या पुढे गेलं की पॉकेट म्हणतात. माझ्या मागच्या दाढांना ५ आणि एका ठिकाणी ६, एक्स-रेमधे हाडही थोडं खाली गेलेलं. नुसती हिरडी सुजली असेल तर ते जिंजिवायटिस, ते पूर्ण बरं होतं. हाड जायला लागलं की पेरिओडोंटायटिस, तो थांबवता येतो पण गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. हे ऐकल्यावर मग मी मुकाट्याने सगळं ऐकलं.

ब्रश घेऊन काम भागेल असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी: नाही भागणार. दातावरचा चिकट थर म्हणजे प्लाक, तो आपण घासून काढू शकतो, पण तोच लाळेतल्या क्षारांनी कडक झाला की त्याचं कीटण होतं आणि ते घरी कशानेच निघत नाही, हिरडीच्या खालचं तर नाहीच. त्यामुळे आधी डीप क्लिनिंग झालं, भूल देऊन मुळापर्यंत, भूल होती तोवर काही कळलं नाही, नंतर काही दिवस गार पाणी झोंबायचं. स्केलिंगने, म्हणजे असं कीटण खरवडून काढल्याने, दात सैल होतात असं सगळे सांगत होते. तसं नसतं, कीटणाने बुजलेली जागा मोकळी होते आणि सूज उतरल्यावर हिरडी आकसते, म्हणून फटी झाल्यासारख्या वाटतात. माझ्याही पुढच्या दातांच्या मधे छोटे काळे त्रिकोण दिसायला लागले, ते दिसतात वाईट, पण त्याच फटीत आता ब्रश नीट जातो.

आता ब्रशबद्दल. सगळं साइजवर आहे. फटीत गेल्यावर त्याचे केस दोन्ही बाजूंना टेकले पाहिजेत पण तार दाताला घासता कामा नये, जबरदस्ती करावी लागली तर लहान साइज घ्या. मला तीन साइज लागतात, पुढे बारीक, मागे जाड, आणि कुठला कुठे ते डेंटिस्टकडून एकदा आरशात बघून घेतलं. पेस्ट लावायची गरज नाही, आत-बाहेर दोन-चार वेळा, मागच्या दाढांसाठी तार थोडी वाकवायची. दाढेच्या मुळाला बाजूने खोलगट खाच असते, फ्लॉस म्हणजे फटीत ओढायचा दोरा, तो त्या खाचेवरून ताणून सरळ जातो आणि आतला मळ तसाच राहतो, ब्रशचे केस मात्र आत पोचतात. ज्यांच्या हिरड्या खाली गेल्यात त्यांना म्हणूनच फरक जाणवतो. दात अगदी चिकटून असतील तर मात्र फ्लॉसच बरा. पाण्याच्या फवाऱ्याचं मशीनही वापरून बघितलं, अन्नाचे कण मस्त निघतात, तोंड फ्रेश वाटतं, पण चिकट थर घासल्याशिवाय नीट निघत नाही असं माझं मत, मला तरी ब्रश सोडून त्यावर राहायचं धाडस नाही.

रक्त येतंय म्हणून थांबू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच सोडतात. १९६५ साली डेन्मार्कमधे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं बंद करायला लावलं होतं, दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि परत साफ करायला लागल्यावर सूज उतरली. म्हणजे रक्त घासण्यामुळे नाही, न घासल्यामुळे येतं. माझं पहिले काही दिवस वाढल्यासारखं वाटलं, मग कमी होत गेलं, आता क्वचितच. नीट घासूनही थांबत नसेल, पू येत असेल, दात हलत असेल तर ब्रशच्या साइज बघत बसू नका, आधी दाखवा. शुगर असेल तर जास्तच लवकर, कारण शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी थोडेच दिवस दिला होता. काम करतो पण दात तपकिरी होतात, चव जाते, आणि पेस्टनंतर लगेच वापरला तर असर कमी होतो, अर्धा तास थांबायचं. मनाने महिनोन्महिने घेऊ नका.

अर्धा स्टार तारेसाठी कापला. मागच्या दाढांना वाकवून वाकवून तार मोडते, केस झडतात, मग टाकून नवा घ्यावा लागतो आणि टाकलेल्या प्लॅस्टिकचा ढीग बघून वाईट वाटतं. नुसतं डोकं बदलता येणाऱ्या हँडलचे मिळतात, मी आता तेच घेते.

तीन महिन्यांनी परत मोजलं तेव्हा बहुतेक जागा ३-४ वर आल्या होत्या. जिथे ६ होतं तिथे ५ आहे, त्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात मळ अडकतोय, तिथे साधा ब्रश पोचत नाही, आता दर तीन महिन्यांनी तिथली सफाई आणि तरीही नाही उतरलं तर हिरडी उघडून साफ करायचं असं डॉक्टर म्हणालेत.