साबरमतीचं गांधी संग्रहालय: आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची बिल्डिंग निवांत बघून आलो

अहमदाबादच्या साबरमती आश्रमात बहुतेक लोक हृदयकुंज, म्हणजे गांधीजींचं राहतं घर बघतात, फोटो काढतात, नदीकडे जातात आणि संग्रहालय जाता जाता उरकून टाकतात. मी म्हणेन उलटं करा. आधी संग्रहालय बघा आणि वेळ काढून बघा, कारण आत मांडलेल्या गोष्टींइतकीच ती बिल्डिंग बघण्यासारखी आहे.

आम्ही आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात त्यामुळे म्युझियम म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, बसायला मिळेल ना? मागे एका मोठ्या एसी म्युझियममध्ये एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये, तिथून तिसऱ्यात असं फिरत राहिलो, खिडकी एक नाही, बाहेर ऊन आहे का पाऊस ते कळेना, आणि तासाभरात ती म्हणाली बास, आता काही डोक्यात शिरत नाहीये. इथे तीच आई अडीच तास होती आणि निघूया असं तिने एकदाही म्हटलं नाही!

कारण सगळं मांडणीत आहे. ६ मीटर बाय ६ मीटरचा एक चौकोन, कोपऱ्यांना विटांचे खांब, खाली दगडी फरशी, वर पिरॅमिडसारखं कौलारू छप्पर. अशी ५१ युनिट्स एकमेकांना जोडलीत, पण सरळ रांगेत नाहीत, वाकडीतिकडी पसरत गेल्यासारखी. काहींना भिंती आहेत, काही चारी बाजूंनी मोकळी, आणि मधेमधे जागा उघडीच सोडलीय, त्यातल्या एका चौकात पाणी. म्हणजे तुम्ही फोटो बघताय, पत्रं वाचताय, वळलात की समोर आकाश, दोन मिनिटं डोळे निवतात, परत सावलीत शिरायचं. जुन्या वाड्यात माजघरातून चौकात आलं की कसं वाटतं, अगदी तसं. कोरिया याला ‘ओपन-टू-स्काय स्पेस’ म्हणायचे आणि आयुष्यभर हा विचार त्यांनी सोडला नाही.

बारकावे तर किती सांगू. मूळ डिझाइनमध्ये काचेची खिडकी एकही नाही, उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी लाकडी झडपा, पाहिजे तशा उघडायच्या. खांबांवर काँक्रीटच्या पन्हळी आहेत त्या बीमचं काम करतात आणि पावसाचं पाणीही वाहून नेतात, एकाच गोष्टीत दोन्ही कामं! वीट, कौल, लाकूड, दगड, सगळं हृदयकुंजाच्या जातकुळीतलं, त्यामुळे आश्रमाच्या बैठ्या घरांशेजारी ही बिल्डिंग उगाच छाती काढून उभी राहत नाही. गांधीजींचं स्मारक म्हणून कोणी भव्य घुमट उभा केला असता तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. कोरियांनी हे काम १९५८ मध्ये हातात घेतलं तेव्हा ते २८ वर्षांचे होते, १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या वयात स्वतःची छाप पाडायचा मोह आवरणं सोपं नाही, मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. (छपरांवर अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानच्या ट्रेंटन बाथहाउस या बिल्डिंगचा प्रभाव आहे असं अभ्यासक म्हणतात, फोटो शेजारी ठेवले तर ते पटतंही.)

वेळ असेल तर चंदीगडची आखणी करणाऱ्या आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएचं संस्कार केंद्र बाहेरून का होईना बघा, ते याच शहरात, पालडीला आहे. तेही म्युझियम म्हणूनच बांधलेलं आणि तेही पुढे वाढत जावं अशीच कल्पना, पण तिथे चौकोनी गोगलगायीसारखं मधल्या चौकाभोवती वाढायचं, आणि सगळं खांबांवर उचललेलं, बाहेरून बंद विटांची पेटी. कोरियांनी वाढ वेगळी ठेवली, जिथे लागेल तिथे एक चौकोन जोडा, झालं. गाव वाढतं तसं.

पुढे भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात, १९८२, कोरियांनी हाच विचार उतारावर नेला. तिथे वरून शिरायचं आणि गच्च्यांवरून उतरत तलावाकडे जायचं, दालनं खाली दडलेली. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नऊ चौकोन, त्यातला एक मुद्दाम बाजूला सरकवलेला, जयपूर शहराच्या आखणीसारखा. तिन्हीकडे चालण्याचा क्रम तुम्हाला पुष्कळसा स्वतः ठरवता येतो, बाण बघत जावं लागत नाही.

पण ही पद्धत सगळीकडे चालेल असं मला अजिबात वाटत नाही. जुना कागद, कापड, रंग यांचं ऊन, धूळ आणि दमट हवेशी वाकडं असतं. मोकळ्या मांडवात छापील पॅनल आणि प्रती लावता येतात, अस्सल पत्रं नाही, त्यांना बंद खोलीच पाहिजे, आणि कोरियांनीही काही युनिट्सना भिंती घातल्या त्या म्हणूनच. पैठणीचं किंवा तैलचित्रांचं म्युझियम असं उघडं बांधलं तर दहा वर्षांत वाट लागेल. शिवाय ऐन उन्हाळ्यात अहमदाबादच्या दुपारी छपराखालीसुद्धा वारा गरमच येणार. म्हणून पाचातला अर्धा स्टार कमी, साडेचार.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जा, ऊन खांबांमधून तिरकं येतं तेव्हा फरशी बघत बसावंसं वाटतं. आश्रम परिसराचं पुनर्विकासाचं काम सुरू झालंय तेव्हा कुठला भाग उघडा आहे ते आधी विचारून घ्या. आणि हातात तासभरच असेल तर हृदयकुंज बघून या, संग्रहालय पुढच्या खेपेला ठेवा, घाईत त्याची मजा नाही.