सांगलीतील कलन स्पर्धा : प्रश्नपत्रिका अव्वल, निकालाला मात्र घाई

मी तासगाव तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गेल्या जानेवारीत सांगलीला विश्रामबागेत बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी केवळ कलनशास्त्रावरची (कॅल्क्युलस) एक विभागीय स्पर्धा झाली. ती सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी खुली होती आणि माझे सात विद्यार्थी तिला बसले होते. पुढच्या वर्षी मुलांना पाठवावे की नाही, असे ओळखीतल्या काही शिक्षकांनी आणि पालकांनी विचारले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अशा स्पर्धेची गरज काय, हा पहिला प्रश्न मलाही पडला होता. गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी ऑलिंपियाडची वाट आहे. पण तिच्या अभ्यासक्रमात कलनाला स्थानच नाही. सीईटीत कलन भरपूर असते, परंतु दीड तासात ५० प्रश्न म्हटल्यावर एका प्रश्नाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नसल्यामुळे उरलेली उत्तरे अंदाजाने निवडण्याकडेच मुलांचा कल असतो. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत पायऱ्या लिहाव्या लागतात हे खरे, मात्र तेथील उदाहरणे बहुतेक पाठ्यपुस्तकाच्या वळणाची असतात. त्यामुळे विकलन (डिफरन्शिएशन, म्हणजे बदलाचा वेग काढणे) आणि संकलन (इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ काढणे) ही दोन प्रकरणे वर्षभर घोटूनही मुलाला त्यांचा अर्थ कळला आहे का, हे तपासायला कोणी जातच नाही. या स्पर्धेची पहिली फेरी ते तपासते, आणि एवढ्या एका कारणासाठी मी तिला चांगले गुण देईन.

पहिल्या फेरीतला सतरावा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. प्रश्न असा होता : एका विद्यार्थ्याने १ भागिले क्षचा वर्ग या फलनाचे −१ ते १ या सीमांमधील संकलन नेहमीच्या सूत्राने काढले आणि त्याला −२ हे उत्तर मिळाले, कोणतीही आकडेमोड न करता हे उत्तर चूक आहे हे कसे ओळखाल, आणि चूक नेमकी कोठे झाली? ज्या फलनाची किंमत कोठेही ऋण नाही, त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ऋण येईलच कसे, एवढे सुचले की पहिला भाग सुटतो. दुसऱ्या भागासाठी मात्र शून्यापाशी थांबावे लागते, कारण तेथे फलन अस्तित्वातच नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना आलेख वर वर जातच राहतो, आणि सूत्र या खड्ड्यावरून डोळे मिटून उडी मारते. माझ्या सातांपैकी चौघांनी चिन्हाची चूक झाली असणार असे समजून −२ चे २ केले आणि ते निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळले. यात त्यांच्यापेक्षा माझा दोष अधिक आहे, कारण संकलन करण्यापूर्वी दिलेल्या अंतरात फलन संतत (कोठेही न तुटणारे) आहे का हे पाहावे, असे मी सांगतो, पण त्यावर गुण ठेवत नाही.

सर्वांत चर्चा झाली ती कृष्णेच्या प्रश्नाची. आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. पावसाळ्यात घराघरांत दर दोन तासांनी जो आकडा विचारला जातो, तो हाच. प्रश्नात दर तीन तासांच्या नोंदी दिल्या होत्या : ३८, ४०, ४१.२ आणि ४१.९२ फूट. (मोजपट्टी फूट-इंचांत वाचणाऱ्या गावात ४१.९२ हा आकडा जरा परका वाटतो, पण ते असो.) विकलनाची दोन्ही पावले येथे एकत्र येतात. पातळी वाढते आहे, म्हणजे पहिले डेरिव्हेटिव्ह धन आहे. वाढीचा वेग मंदावतो आहे, म्हणजे दुसरे ऋण आहे. ‘पाणी चढतंय, पण आता दमानं चढतंय’ असे नदीकाठची माणसे म्हणतात, ते हेच. शिवाय २, १.२ आणि ०.७२ ही वाढ दर वेळी आधीच्या ०.६ पट होते, म्हणून ती अनंतापर्यंत मिळवली तरी बेरीज ५ फुटांच्या पुढे जात नाही आणि पातळी ४३ फुटांच्या आतच राहते. कलनाच्या प्रश्नपत्रिकेत इतका आपल्या मातीतला प्रश्न माझ्या पाहण्यात पूर्वी आला नव्हता, आणि तो काढणाऱ्याचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

अडचण शेवटच्या ओळीत होती. ‘यावरून पातळी धोक्याची रेषा ओलांडेल का?’ असे विचारले होते आणि ‘हाच क्रम कायम राहिला असे मानून’ हे शब्द राहून गेले होते. आदर्श उत्तरपत्रिकेत ‘नाही, ओलांडणार नाही’ एवढेच होते. माझी एक विद्यार्थिनी भिलवडीची आहे आणि २०१९ च्या महापुरात, नदी सांगलीत ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, तिच्या घराच्या माळ्यापर्यंत पाणी आले होते. तिने ४३ फुटांचे गणित पूर्ण मांडले आणि खाली लिहिले, ‘परंतु कोयनेतून विसर्ग वाढवल्यास हा क्रम मोडेल, म्हणून दिलेल्या नोंदींवरून खात्रीने सांगता येणार नाही.’ (पुराच्या वादात नेहमी येणारे कर्नाटकातील अलमट्टी धरणाचे नाव तिने घेतले नाही, हे परीक्षकांचे नशीब.) तिला सहापैकी तीन गुण मिळाले आणि दुसरी फेरी दोन गुणांनी हुकली.

व्यवस्थेतला खरा दोष येथेच दिसतो. पहिली फेरी सकाळी दहा ते बारा, निकाल दुपारी दोनला, दुसरी फेरी तीनला आणि बक्षीस समारंभ पाचला, असा सगळा कारभार एकाच दिवसात उरकला गेला. हरकत नोंदवण्यासाठी छापील अर्ज होता, त्याची पोचही मिळाली. पण हरकतीचा निर्णय होण्यापूर्वीच चषक वाटले जाणार असतील, तर त्या अर्जाचा उपयोग काय? बारा दिवसांनी हरकत मान्य झाल्याचे पत्र आले आणि तीन गुण वाढवून मिळाले. संयोजकांनी चूक कबूल केली हा त्यांचा मोठेपणा आहे आणि तो मी नाकारत नाही. ‘सर, आता या गुणांचं काय करायचं?’ या तिच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या फेरीबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८१ पासून ‘इंटिग्रेशन बी’ नावाची स्पर्धा होते. तिच्याच धर्तीवर येथे दोन विद्यार्थ्यांना व्यासपीठावरच्या दोन फळ्यांसमोर उभे करून एकच संकलन दोन मिनिटांत सोडवायला दिले जाते. बघायला मोठी मौज वाटते, सभागृहात टाळ्याही पडतात. परंतु उपान्त्य सामन्यात शून्य ते पाय (π) भागिले दोन या सीमांमधले, साइनचे वर्गमूळ वर आणि साइन व कोसाइनच्या वर्गमुळांची बेरीज खाली, असे संकलन आले, तेव्हा खडू फळ्याला लागण्याआधीच एका मुलाने ‘पाय भागिले चार’ असे सांगून टाकले. हे उदाहरण प्रत्येक गाइडमध्ये असते आणि त्याचे उत्तर शिकवणीला जाणाऱ्या मुलांना तोंडपाठ असते. हे उत्तर असे का येते, सीमांची बेरीज वजा क्ष घातले की साइन आणि कोसाइन कसे जागा बदलतात, हे त्याला कोणी विचारले नाही. सकाळच्या फेरीने जी पाठांतराची सवय उघडी पाडली, तिलाच दुपारच्या फेरीने हार घातला. उत्तरानंतर एका मिनिटाचे स्पष्टीकरण सक्तीचे केले, तर ही फेरी सकाळच्या तोलाची होईल.

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन रकान्यांत होती, ही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलांसाठी मोठी सोय. मराठी रकाना मात्र एका हाताने लिहिलेला वाटत नाही, कारण एकाच पानावर ‘लिमिट’साठी एकदा ‘सीमा’ आणि एकदा ‘मर्यादा’ असे छापले होते आणि दोन मुलांना ही दोन वेगळी प्रकरणे वाटली. बाकी बैठक व्यवस्था नेटकी होती, चहा आणि भडंग वेळेवर मिळाले, आणि शंभर रुपये शुल्कात याहून अधिक मागणे बरे नव्हे.

तारखेचा मात्र विचार व्हायला हवा. जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षांची धांदल सुरू झालेली असते. स्पर्धा डिसेंबरात घेतली, तर अनेक महाविद्यालयांत विकलक समीकरणे शिकवून झालेली नसतील, पण तेवढे प्रकरण वगळूनही दोन तासांचे उत्तम प्रश्न निघू शकतील.

यंदाही मी मुले पाठवणार आहे. दहा रुपये भरल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, ती प्रत्येकाने जरूर घ्यावी. भिलवडीच्या त्या विद्यार्थिनीच्या प्रतीवर कोयनेच्या वाक्याखाली लाल शाईत ‘अनावश्यक’ असा शेरा आहे. नंतर तो आडवी रेघ मारून खोडला आहे आणि शेजारी दुसऱ्या हस्ताक्षरात ‘ग्राह्य’ असे लिहिले आहे.