व्हॉक्स एसी१५सी१ : १५ वॉट खरोखर पुरतात का?

१०० वॉटच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवरून १५ वॉटच्या ट्यूब ॲम्पकडे (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पकडे) वळणाऱ्या गिटारवादकाला पहिली शंका येते ती आवाजाची. व्हॉक्स कंपनीच्या एसी१५सी१ या ट्यूब ॲम्पबाबत माझे मत असे, की ड्रमसेटच्या जोडीला तो व्यवस्थित पुरतो, मात्र अगदी स्वच्छ, न फाटणारा स्वर मोठ्याने हवा असेल तर अपुरा पडतो. शक्ती दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. तेव्हा १५ आणि १०० वॉटमधील अंतर आकड्यांवरून वाटते तेवढे नाही, ते ८ डेसिबलच्या आसपास आहे. शिवाय ट्रान्झिस्टर ॲम्प फाटू लागला की कर्कश होतो म्हणून आपण तो मर्यादेच्या बराच खाली ठेवतो, तर ट्यूब ॲम्पची गोडी मर्यादेपाशीच सुरू होत असल्यामुळे तो शेवटपर्यंत वापरला जातो.

मूळ एसी१५ हा इंग्लंडमधील डार्टफर्ड येथे डिक डेनी यांनी घडवला आणि १९५८ मध्ये बाजारात आला. ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदाला मोठ्या सभागृहांत तो कमी पडू लागला आणि त्यातून ३० वॉटचा एसी३० जन्मला, म्हणजे आवाजाची ही तक्रार या ॲम्पइतकीच जुनी आहे. आजच्या एसी१५सी१ मध्ये पहिल्या एसी१५ ची ईएफ८६ ट्यूब नाही. सुरुवातीचा संकेत वाढवणाऱ्या १२एएक्स७ च्या तीन ट्यूब, स्पीकरला शक्ती देणाऱ्या ईएल८४ ची जोडी आणि एसी३० मुळे गाजलेले, ट्रेबल-बासचे नॉब असलेले ‘टॉप बूस्ट’ चॅनेल असा त्याचा संच आहे, त्यामुळे स्वभावाने तो थोरल्या भावाची लहान आवृत्ती वाटतो. ‘नॉर्मल’ चॅनेल साधे, थोडे जाडसर आहे. टॉप बूस्टमध्ये व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे गेला की हलक्या हाताने छेडलेली तार घंटेसारखी स्वच्छ वाजते आणि जोराने छेडलेली तीच तार गुरगुरते; पेडलला हात न लावता केवळ बोटांच्या दाबावर मिळणारा हा फरक माझ्या मते ट्यूबकडे वळण्याचे सर्वांत सबळ कारण आहे.

याहून अधिक आवाज हवा असेल, तर बहुतेक जण आधी बूस्ट पेडल (गिटारचा संकेत ॲम्पआधीच वाढवणारे पेडल) घेतात, परंतु ईएल८४ ची जोडी एकदा आपल्या मर्यादेला पोहोचली की बूस्टने स्वर अधिक फाटतो, पातळी मात्र जवळपास तेथेच राहते. त्याऐवजी आधी टोनचे नॉब पाहावेत. टॉप बूस्ट चॅनेलला ‘मिडल’चा नॉब नाही, ट्रेबल आणि बास दोन्ही वर नेले की मधल्या पट्टीचे स्वर मागे सरतात, आणि गिटार बँडमध्ये ऐकू येते ती मुख्यतः त्याच पट्टीमुळे. बास उतरवला की शक्तीही वाचते. त्यानंतर ॲम्प जमिनीवरून उचलून कानाच्या दिशेने तिरका ठेवावा, कारण स्पीकरमधून तीव्र स्वर सरळ रेषेत निघतात आणि पायांशी ठेवलेला ॲम्प वादकाला मंद, तर समोरच्या श्रोत्याला असह्य वाटतो.

खरी भर पडते ती स्पीकर बदलून. मुळात बसवलेल्या १२ इंची सेलेस्टियन ग्रीनबॅकची संवेदनशीलता (एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मिळणारी आवाजाची पातळी) ९८ डेसिबल आहे. १०० डेसिबलचा स्पीकर बसवला, तर १५ वॉटचे सुमारे २४ वॉट केल्याइतका परिणाम मिळतो, आणि तोही ट्यूब अथवा ट्रान्सफॉर्मरला हात न लावता. सेलेस्टियनचाच व्हिंटेज ३० या गरजेत बसतो, पण त्याच्या वरच्या मध्यम पट्टीचा उठाव मला या ॲम्पमध्ये बोचरा वाटतो. खर्च परवडत असेल तर त्याच कंपनीचा ॲल्निको ब्लू अधिक शोभतो, फक्त त्याची क्षमता १५ वॉटचीच असल्यामुळे मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) सतत टोकाला ठेवणाऱ्याने तो टाळावा. मागच्या बाजूला जादा कॅबिनेट (स्पीकरची वेगळी पेटी) जोडण्याची सोयही आहे. त्याचा ओहमचा आकडा जॅकशेजारी छापलेल्या आकड्याशी जुळलाच पाहिजे आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही सुरू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

उणिवा ठळक आहेत. सुमारे २२ किलोचे वजन जिन्यावरून चढवताना पंधरा वॉटचा दिलासा विसरायला होतो. इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या मधल्या टप्प्यात पेडल जोडण्याची सोय) नाही, त्यामुळे ॲम्पच्या स्वतःच्या फाटलेल्या स्वरावर डिले (प्रतिध्वनीचे पेडल) लावला की सारे एकमेकांत मिसळते. घरात मास्टर अगदी खाली ठेवून वाजवल्यास स्वर सपाट होतो आणि निम्मी किंमत वाया गेल्यासारखी वाटते. फ्लॅटमध्ये सराव एवढाच हेतू असेल तर हा ॲम्प घेऊ नये. ईएल८४ बदलताना मात्र जुळवलेली जोडी आणून बसवली की काम भागते, कारण कॅथोड बायस (ट्यूबचा प्रवाह आपोआप सांभाळणारी रचना) असल्याने वेगळी जुळणी करावी लागत नाही. परदेशातून वापरलेला नग आणणाऱ्यांनी पाठीमागची पट्टी वाचावी, कारण अमेरिकेत विकला जाणारा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो चालवायला वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज उतरवणारे यंत्र) सोबत वागवावा लागतो.