सातवा सामना छोट्या आवृत्तीत पाहू नका

बास्केटबॉलचे जुने सामने दाखवणाऱ्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली, ती मुख्यतः एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या 2016 च्या अंतिम मालिकेसाठी. मी शाळेच्या संघाला शिकवतो. पोरं लेब्रॉन जेम्सला रीलमधून ओळखतात, म्हणजे डंक मारणारा (उडी घेऊन चेंडू थेट बास्केटमध्ये घालणारा) माणूस एवढंच. म्हटलं, एकदा सगळे सामने बसून बघू द्या.

इथे प्रत्येक सामना तीन प्रकारे मिळतो: पूर्ण, मधला रिकामा वेळ कापलेला, आणि दहा मिनिटांची क्षणचित्रं. पहिल्या चार सामन्यांना मधला प्रकार पुरतो. दुसरा गोल्डन स्टेट वॉरियर्सनी 110-77 असा एकतर्फी मारला, तिसरा लेब्रॉनच्या क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सनी 120-90. असे सामने पूर्ण बघण्यात पोरांना रस नसतो, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. चार विजय मिळवणारा जिंकतो अशी ही मालिका वॉरियर्सच्या बाजूने 3-1 झाली, त्यांचा ड्रेमंड ग्रीन निलंबनामुळे पाचव्या सामन्याला मुकला आणि तिथे लेब्रॉन आणि त्याचा सहकारी कायरी अर्विंग यांनी प्रत्येकी 41 गुण केले. इथून पुढे मात्र पूर्ण सामनाच लावा.

कारण सातवा, निर्णायक सामना. शेवटची 4 मिनिटं 39 सेकंद उरलेली असताना 89-89 अशी बरोबरी होते आणि पुढे पावणेचार मिनिटं दोघांपैकी कुणाचाच गुणफलक हलत नाही. क्षणचित्रं कापणाऱ्याच्या लेखी तिथे काही घडतच नाही, म्हणून थेट लेब्रॉनचा ब्लॉक (बास्केटकडे निघालेला चेंडू अडवणं) आणि अर्विंगची तीन गुणांची बास्केट, खेळ खल्लास. पण दमलेले पाय, हुकणारे नेम, एकेका रिबाउंडसाठीची, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठीची, झोंबाझोंबी, सामना सगळा तिथेच आहे. 73 साखळी सामने जिंकलेला वॉरियर्सचा संघ घरच्या कोर्टावर अडकलाय, हे त्या पावणेचार मिनिटांतच कळतं.

ब्लॉक आम्ही अर्ध्या वेगाने पाहिला. ही सोय खरंच छान आहे. अर्विंगचा नेम हुकतो, चेंडू वॉरियर्सच्या इग्वोडालाकडे, तिथून त्याच्याच संघातल्या करीकडे, परत इग्वोडालाकडे. मध्ये कॅव्हेलियर्सचा जे. आर. स्मिथ आडवा येतो. त्याला चुकवायला इग्वोडाला हवेतच चेंडू किंचित वळवतो, आणि त्या क्षणभराच्या उशिरात मागून धावत आलेला लेब्रॉन तो बास्केटमागच्या फळ्यावर दाबतो. आमचा एक बारीक गार्ड म्हणाला, "सर, अर्धा ब्लॉक स्मिथचाच की!" वर्गणी तिथेच वसूल.

लेब्रॉनला अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब एकमताने मिळाला. गुण, रिबाउंड, असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला जोड देणारा पास), स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू), ब्लॉक, पाचही बाबतींत दोन्ही संघांत तोच पहिला. ॲपमध्ये हे आकडे सामन्याशेजारीच उघडतात, चित्र थांबवावं लागत नाही.

आता रडगाणं. मागे जायचं बटण दहाच सेकंदांचं आहे, त्यामुळे ब्लॉक पुन्हा बघायचा तर दर वेळी अर्विंगचा हुकलेला नेम आधी बघा. निकाल लपवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण सातव्या सामन्याच्या चौकटीवर चक्क लेब्रॉनचा करंडकासह फोटो! ज्या पोरांना निकाल माहीत नव्हता, त्यांचा तिथेच विरस. आणि जाहिरात कुठे यावी याला काही धरबंद नाही. सहाव्यात ती फ्री थ्रो चालू असताना आली.

जुन्या साठ्यात मात्र फारच खडखडाट आहे. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पहिल्यांदा दिला गेला 1969 मध्ये, तोही हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. हरूनही सर्वोत्तम, असं त्यानंतर कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. पोरांना ते पटेना, म्हणून मालिका शोधली, तर एकही पूर्ण सामना नाही. मागणी नोंदवून ठेवली आहे. 'आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे' हे आपोआप आलेलं उत्तर सोडलं तर अजून तिकडून काही हालचाल नाही.