वावरात बंदूक न्यायची तर कोणता परवाना, कोणती गाडी?

धान लोंबीवर आला की रानडुकरांचे कळप बांधीत उतरतात, आणि गावात लायसनचा विषय निघतो. यंदा सिंदेवाहीकडच्या माझ्या साळ्यानं फोन केला. "भाऊजी, बंदुकीचं लायसन काढतो म्हणतो. पण ते बोलेरोत ठेवून फिरलं तर चालते का?" त्याचं वावर घरापासून नऊ किलोमीटर, मधात जंगल. मी त्याला म्हटलं, बंदूक मागून ठरव, आधी रस्ता सांग. कारण बंदूक घराबाहेर कुठवर न्यायची हे परवान्यावरचं क्षेत्र ठरवते.

त्याच्यासारख्या शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक पीकसंरक्षणाचा परवाना, दुसरा आत्मसंरक्षणाचा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन्हींचा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, आपल्याकडची भरमार बंदूक. ती पिकाला पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत, म्हणजे आतून खाचा नसलेल्या नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. आत्मसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, म्हणजे बहुतेकांच्या बोलण्यातली बारा बोअर. अर्ज दोन्हीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे; नागपूर शहरात मात्र पोलिस आयुक्तांकडे. परवाना आता पाच वर्षांचा असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका.

गाडीच्या दृष्टीनं पाहिलं तर या दोघांत फार अंतर आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यात ज्या जमिनीच्या राखणीसाठी तो दिला तिचा भाग लिहिलेला असतो. ती बंदूक घर आणि वावर यांच्यासाठी आहे. ती घेऊन तालुक्याच्या बाजारात जाणं, सोयऱ्याच्या गावी लग्नाला जाणं, यासाठी तो कागद नाही. आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर जिल्हा किंवा राज्य असं मोठं क्षेत्र असू शकतं. पण लिहिलेल्या क्षेत्राच्या बाहेर पाऊल टाकलं की तोही थांबतो. विदर्भात ही चूक सहज होते. गोंदियाहून बालाघाट, वरुडहून मुलताई, राजुऱ्याहून आसिफाबाद, सकाळी निघालं की दुपारी जेवायला परराज्यात. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर बंदूक सीमेच्या अलीकडेच राहिली पाहिजे. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाच नसताना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं.

साळ्याला मी पीकसंरक्षणाचाच घे म्हटलं. त्याला त्रास जनावरांचा आहे, माणसांचा नाही. जीवाला धोका आहे हे दाखवायला त्याच्याकडे काही नाही, उलट सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे आहेत. ज्याचा रोख रकमेचा धंदा आहे, रात्रीबेरात्री एकट्यानं लांबचा प्रवास आहे, त्यानं मात्र दुसरा मागावा आणि अर्ज करतानाच क्षेत्राचा विचार करावा.

आता गाडी. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक जागी बंदूक तिच्यासाठीच्या खोळीत, पूर्ण झाकलेली असावी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर पुरता ताबा असावा. हे वाचल्यावर मला दुचाकी बरी वाटते. खोळीतली बंदूक पाठीवर, नळी रिकामी, काडतुसं वेगळ्या पिशवीत, परवाना खिशात. बोलेरोत जागा भरपूर, म्हणूनच तिथं ताबा सुटतो. सीटमागे टाकली, टपरीवर चहाला उतरलो, गाडीत ड्रायव्हर आणि दोन मजूर बसलेले. त्या घडीला बंदूक कोणाच्या ताब्यात? सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं की ताबा म्हणजे हातात असणंच नव्हे. माहिती असणं आणि हुकमत असणं हेही ताब्यात येतं. म्हणजे सीटमागे काय आहे हे माहीत असलेल्या मजुरालाही उत्तरं द्यावी लागू शकतात. त्याची रोजी बुडेल, आणि चूक आपली असेल. गरिबाला असं अडकवणं मला सहन होत नाही, म्हणून एवढं लांबवून सांगतो.

कायद्यात एक सोय आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी बंदूक नेऊ शकतो. लेखी म्हणजे कागदावर. "मालकानं सांगितलं" हे नाक्यावर चालत नाही. पोलिसांनी परवाना मागितला की दाखवावाच लागतो.

जंगलाचा रस्ता असला तर आणखी एक पायरी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. ताडोबा, नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर, बोर यांच्या काठानं राहणाऱ्यांनी वावराची वाट हद्दीतून जाते का, हे वनरक्षकाला विचारून घ्यावं. फेरा पडला तरी बाहेरून जावं.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. डुक्कर असो वा रोही (नीलगाय), मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. तिच्याविना मारलं आणि धड गाडीत सापडलं, तर बंदुकीसोबत गाडीही सरकारजमा होऊ शकते. बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो.

एअरगनचंही पुष्कळ जण विचारतात. नळीचा आतला व्यास ०.१७७ इंचापर्यंत आणि छर्ऱ्याचा जोर वीस ज्यूलच्या आत, अशा एअरगनला परवाना लागत नाही, न्यायलाही सोपी. पण रानडुकराला ती छर्ऱ्यासारखी चाटून जाते आणि चिडलेलं डुक्कर अंगावर येतं. वानरावर किंवा मोरावर चालवली तर पुन्हा वन्यजीवाचा गुन्हा.

साळ्यानं शेवटी पीकसंरक्षणाचा अर्ज भरला. नकाशावर घरापासून वावरापर्यंतची वाट लाल पेनानं आखून त्यानं अर्जाला जोडली आहे. ठासणीची मिळाली तर दुचाकीवरच नेणार म्हणतो, आणि निवडणुकीत बंदूक जमा करायचा आदेश आला की ठाण्याची पावती परवान्यातच ठेवणार.