जीपचं सील बदलायला गेलो आणि १७,६५० रुपयांना टोपी घालून घेऊन आलो

बायको म्हणाली लिहू नको, लोक हसतील. हसा काय हसायचं ते, पण इंदूरात ज्यांच्याकडे जुन्या जीपा आहेत त्यांनी हे वाचाच.

माझी सीजे थ्री बी, म्हणजे जुन्या जीपचं एक मॉडेल, आजोबांनी महूहून आणलेली. गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस असते, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी; तिच्या मागच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, तेल गळायचं. या जीपला हँडब्रेक चाकांना नसतो, त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच असतो, त्यामुळे गळलं की तेल सरळ ब्रेकच्या लाइनिंगवर आणि हँडब्रेक गेला. भाच्याच्या मुंजीत भिक्षावळीला जीप काढायची होती, हातात पंधरा दिवस. घाई नसती तर मी असा फसलो नसतो, हे मी आजही म्हणतो.

बायपासकडे एक गॅरेजवाला आहे, स्वतःला व्हिंटेज स्पेशालिस्ट म्हणवतो. म्हणाला गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, सील इंपोर्टेड, योक (मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट ज्याला जोडतात तो तुकडा) पण घासलाय. उतरवणं-चढवणं ५,५००, सील किट ४,८००, योक ६,२००, तेल १,१५०. आठ हजार आधी यूपीआयने, उरलेले ९,६५० गाडी घेताना रोख. बिल? "भिया, घर की बात है." मी पण मान डोलावली.

आता मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतच नाही! मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडा, ड्रम काढा, योक ओढा, सील समोर. हे मला नंतर कळलं, आणि खरं सांगतो, मला गाडी चालवता येते, खोलता येत नाही, त्यात माझा काय गुन्हा.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. गाडी घ्यायला गेलो तेव्हा वाकून खाली बघितलं होतं मी. सगळं डिझेलने धुतलेलं, काळा रंग मारलेला, चकाचक. आणि योकच्या नटातली स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून आरपार घालतात ती तार, तीच, गंजलेली, रंगाखाली जुन्या चिखलाचा खपला तसाच! ती पिन काढल्याशिवाय नट फिरत नाही, नट फिरल्याशिवाय योक निघत नाही, म्हणजे त्याने तिथे हातच लावला नव्हता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, आणि मी काय म्हणालो तर "वा, नवी दिसून राहिली." वर त्याने "जुना सील" म्हणून एक रबर हातात ठेवलं, ते कोरडं ठणठणीत. नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा तो घाण वास दोन दिवस बोटांवरून जात नाही, आणि या सीलला वासच नव्हता. तेव्हा नाक कुठे गेलं होतं माझं?

घरी आल्यावर खाली पेपर घातला. आठ दिवस एक थेंब नाही. मी तो कोरा पेपर बायकोला नेऊन दाखवला, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. भिक्षावळीच्या दिवशी उतारावर हँडब्रेक ओढला तर बटूसकट जीप मागे चालली, मेव्हण्याने चाकाखाली वीट सरकवली म्हणून वाचलो. फोन केला तर म्हणे "लाइनिंग बैठने दो, दो-चार दिन में पकड़ लेगा."

मग राऊकडे जाताना मधूनच रडका आवाज सुरू झाला. राजेंद्रनगरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ट्रान्सफर केसचा तेलाची लेव्हल बघायचा प्लग काढला, करंगळी आत घातली, कोरडी बाहेर आली. गळणार काय, आत तेलच नव्हतं! तेल काढून घेतलं आणि सीलच्या बाहेरून सिलिकॉन फासलं, एवढंच काम. योक जुनाच, सील घासून पडलेल्या खाचेत नख अडकत होतं. अशा खाचेवर नवा सील घातला तरी गळतो, योकवर बाही, म्हणजे धातूचं पातळ कडं, चढवावी लागते. खरा सील सियागंजात २२० रुपयांना मिळाला, लेथवर बाही ४५०. पण बेअरिंग वाजली होती, सगळं मिळून ९,८४० अजून गेले.

पोलिसांकडे गेलो. पहिलं ठाणं म्हणे गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसरं म्हणे पैसे तुम्हीच दिलेत ना, मग हा लेन-देनचा मामला. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब जेवायला. चौथ्यांदा भेटले, मोबाईलमध्ये पिनचा फोटो दाखवला, सिलिकॉनचा दाखवला, ते बोटाने सरकवत सरकवत अख्ख्या जीपच्या फोटोवर थांबले आणि विचारतात, "बेचोगे क्या?" बँक म्हणते यूपीआयचा पिन तुम्ही स्वतः टाकलात. प्रत्येकजण म्हणतो पक्कं बिल आणा. अरे पक्कं बिल देणारा माणूस असा धंदा करेल का!

पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. आकार बहुतेक सीलवरच कोरलेला असतो, नव्या-जुन्याचा आकडा जुळवून बघा, जुना हुंगून बघा. गाडी घेताना लेव्हलचा प्लग समोर उघडायला लावा, तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. ९,६५० रोख दिले तो माझा मूर्खपणा, निदान तेवढं तरी यूपीआयने द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, मी कागद तयार करतोय, स्प्लिट पिनचा फोटो सगळ्यात वर लावलाय.

त्या माणसाच्या व्हॉट्सॅप डीपीवर अजून माझ्याच जीपचा फोटो आहे.